गाडीवर वेगाचं चलान आलं तर: पुण्यात नव्याने आलेल्या दुचाकीवाल्यांसाठी

पुण्यात वेगाचं चलान येतं कसं, हा प्रश्न मला पहिल्या वर्षी खरोखर पडला होता. संध्याकाळी सातला कर्वे रोडवरून गाडी काढून बघा. दुसऱ्या गियरच्या वर जायची वेळच येत नाही. पण वेगाचं चलान संध्याकाळच्या गर्दीत फाटत नाही. ते फाटतं रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना. गार वारा असतो, मागे मित्र बसलेला असतो आणि काटा ऐंशीच्या पुढे कधी गेला ते कळत नाही.

माझी गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं का सांगतोय ते लक्षात येईल. गाडी वडिलांच्या नावावर, सोलापूर पासिंग, एमएच-१३. मी वारज्यात खोली घेऊन राहत होतो. एका रविवारी पहाटे नसरापूरच्या बनेश्वरला निघालो. नवले पूल, नवा कात्रज बोगदा, खेड शिवापूर असा सरळ रस्ता. जाताना वेग ९७, येताना बोगद्यानंतरच्या उतारावर ७४. कोणी अडवलं नाही, शिट्टी वाजली नाही. महिनाभराने घरून फोन आला, "काय रं, बनेश्वरला देवदर्शनाला गेला होतास का गाडी पळवायला?" दोन चलानं वडिलांच्या मोबाइलवर येऊन पडली होती. गाडी त्यांच्या नावावर, मोबाइल नंबर त्यांचा, मग मेसेजही त्यांनाच जाणार.

मेख इथेच आहे. पूर्वी पावती माणसाच्या हातात फाटायची, आता चलान नंबरप्लेटच्या मागे जातं. गाडी कोण चालवत होतं हे कॅमेऱ्याला माहीत नसतं. म्हणून कामाची सुरुवात रस्त्यावर नाही, कागदपत्रांपासून करायची.

आधी गाडीचे कागद जागेवर आणा

गावाहून गाडी आणली असेल तर पहिल्याच आठवड्यात आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, काढून बघा. त्यावर नाव कोणाचं आहे, पत्ता कुठला आहे आणि परिवहन विभागाच्या नोंदीत मोबाइल नंबर कोणता आहे, या तीन गोष्टी. नंबर जुना किंवा बंद पडलेला असेल तर परिवहनच्या वेबसाइटवर तो बदलता येतो. त्यासाठी गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर असे तपशील लागतात. वडिलांच्या नावावरची गाडी असेल तर त्यांच्याशी बोलून ठरवा, नंबर तुमचा टाकायचा की त्यांचाच ठेवायचा. आमच्या घरी यावर जेवणाच्या ताटावर चर्चा झाली होती आणि ती फार गोड नव्हती.

चासी नंबरचे शेवटचे चार आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. चलान बघताना गाडीच्या नंबरसोबत चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे मागतात, आणि त्या वेळी पार्किंगमध्ये टॉर्च लावून गाडीखाली डोकावायची पाळी येते.

मित्राची गाडी, भाड्याची गाडी, ऑफिसातल्या कोणाची गाडी घेऊन ट्रिपला जाणार असाल तर किल्ली घेतानाच बोलून घ्या की या दोन दिवसांत चलान आलं तर ते माझं. भाड्याने गाडी देणारे लोक डिपॉझिटमधून ते पैसे कापतात आणि तुम्हाला नंतर कळवतात. गाडी नेल्याची आणि परत दिल्याची तारीख आणि वेळ व्हॉट्सॲपवर लिहून ठेवली की पुढचा वाद मिटतो.

नंबरप्लेटबद्दल एकच. आकडे वाकवून 'दादा', 'राम', 'बॉस' करायची हौस आपल्याकडे जुनी आहे. फॅन्सी प्लेटसाठी वेगळा दंड आहेच, वर कॅमेऱ्याने आकडा चुकीचा वाचला तर तुमचं चलान भलत्याच माणसाच्या दारात जातं आणि भलत्याचं तुमच्या. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्यायची आहे. ती बसवा आणि मोकळे व्हा.

किती वेग चालतो

केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत मोटारसायकलची कमाल मर्यादा दिली आहे: दुभाजक असलेल्या चार किंवा जास्त पदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, महापालिका हद्दीत ६० आणि इतर रस्त्यांवरही ६०. बायपासवर शेजारून शंभरने जाणारी कार दिसते. तिची मर्यादा वेगळी असते, तुमची वेगळी. कारच्या मागे लागून जाणारे दुचाकीवाले हमखास यात सापडतात.

आता यातली गोम. हे आकडे म्हणजे वरची हद्द. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली राज्य सरकार किंवा त्यांनी नेमलेले अधिकारी एखाद्या रस्त्यावर ती कमी करू शकतात आणि पुण्यात ती बऱ्याच ठिकाणी कमी केलेली आहे. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार हे सगळ्यात ठळक उदाहरण. तिथे अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन मोठमोठे अपघात झाले आहेत आणि त्यानंतर वेगमर्यादा खाली आणली गेली. तेव्हा साठ-ऐंशीचं पाठांतर करून गाडी चालवू नका, रस्त्याकडेची पाटी वाचा. लाल गोलातला आकडा हा त्या रस्त्याचा कायदा. माझी स्वतःची चूक हीच होती. उतारावर पाटी होती, माझं लक्ष घाटाखाली दिसणाऱ्या दिव्यांकडे होतं.

उतारावर आणखी एक होतं. गाडी आपोआप वेग घेते. ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, आपण मनात म्हणतो की मी कुठे पळवतोय? पण काटा सत्तरच्या पुढे गेलेला असतो. चौथ्यात किंवा तिसऱ्यात उतरायचं, इंजिनाला गाडी धरू द्यायची. गियर नसलेली स्कूटर असेल तर दोन्ही ब्रेक हलके हलके, आधीपासून.

शहरातले रिकामे रस्तेही फसवे आहेत. नगर रोड, सोलापूर रोड, बाणेरकडून विद्यापीठाकडे येणारा रस्ता पहाटे पाचला इतके रुंद वाटतात की हायवेवर आहोत असं वाटावं. पण ती महापालिका हद्द आहे.

आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दुचाकीसाठी बंद आहे. पूर्ण बंद, वेग कितीही असो. नवीन मुलं लोणावळ्याला जाताना किवळ्याजवळ नकाशाच्या नादाने तिकडे वळतात. निगडी, देहूरोड, तळेगाव, कामशेत हा जुना हायवे धरायचा. नकाशाच्या ॲपमध्ये कारऐवजी दुचाकीचं चिन्ह निवडलं की ते आपोआप जुना रस्ता दाखवतं.

धरतात कसे

दोन प्रकार. एक म्हणजे खांबावरचा कॅमेरा. दुसरा म्हणजे स्पीडगन, ट्रायपॉडवर ठेवलेली किंवा इंटरसेप्टर गाडीत, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या गाडीत, बसवलेली. लेझरची गन तुमच्या गाडीवर प्रकाशाचे ठोके मारते, ते परत यायला लागणारा वेळ कसा बदलतो त्यावरून वेग काढते आणि त्याच वेळी फोटो घेते. हे सगळं बऱ्याच लांबून होतं. तुम्हाला पोलिसांची गाडी दिसून तुम्ही ब्रेक दाबेपर्यंत आकडा नोंदलेला असतो. समोरच्याने हेडलाइट मारून इशारा केला तरी बहुतेकदा उशीर झालेला असतो. म्हणून 'पुढे मामा आहेत' हे कळवणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मला कधी उपयोग झालेला नाही. तो मेसेज आपण घरी पोचल्यावरच वाचतो.

त्याच फोटोत हेल्मेट नसेल तर तेही दिसतं, आणि मागे बसलेल्याचंही. पुण्यात हेल्मेटवर वर्षानुवर्षं जो वाद चालतो त्यात मी पडत नाही. पण फोटो वाद घालत नाही, वेगळं चलान फाडतो.

अंतराचा हिशोब एकदा मांडून बघा. बारा किलोमीटर ६० ने गेलात तर १२ मिनिटं, ८० ने गेलात तर ९. तीन मिनिटं वाचतात. पुढच्या सिग्नलला तेवढी उभं राहण्यात जातात.

अडवलं तर

डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेला नीट गाडी घ्या. पोलीस दिसल्यावर यू-टर्न मारून उलट्या दिशेने पळणारे मी बायपासवर बघितले आहेत. वेगाचा हजाराचा दंड वाचवायला राँग साइड आणि धोकादायक ड्रायव्हिंग अशी दोन कलमं अंगावर घेतात, जिवाचा भाग तर सोडाच.

लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं चालतात, प्लास्टिकचं कार्डच हवं असं नाही. फक्त ती आधीपासून ॲपमध्ये ओढून ठेवलेली असावीत. रस्त्यावर उभं राहून ओटीपीची वाट बघण्यात मजा नाही. स्क्रीनशॉट दाखवू नका, ॲप उघडून दाखवा.

बोलायचं कसं? साधं. "साहेब, किती वेग दाखवतोय? जरा रीडिंग बघू का?" एवढं विचारायला हरकत नाही. बहुतेक जण यंत्रावरचा आकडा दाखवतात. वेग काही डोळ्यांनी किंवा मोबाइलच्या साध्या फोटोने मोजता येत नाही, त्यामुळे वेगाच्या चलानाला यंत्राचं रीडिंग असायलाच हवं. वाद घालून, 'माझे काका अमुक ठिकाणी आहेत' सांगून काहीही होत नाही. पुण्यात प्रत्येकाचे काका कुठे ना कुठे असतातच.

तोडपाणी करू नका. शंभर-दोनशेत मिटेल असं वाटतं, पण रीडिंग यंत्रात नोंदलं असेल तर चलान तरीही येतं. पैसे भरायचे तर पोलिसांकडच्या चलानाच्या यंत्रावर भरा, पावती घ्या. जागेवर भरायची सक्ती नाही, नंतर ऑनलाइन भरलेलं चालतं.

मेसेज आला, आता काय

आधी मेसेज खरा आहे का ते बघा. चलानाच्या नावाने सध्या मोठी फसवाफसवी चालते. व्हॉट्सॲपवर आरटीओचं किंवा परिवहनचं बोधचिन्ह लावून मेसेज येतो, 'तुमच्या गाडीचं चलान झालं आहे, पाहण्यासाठी हे उघडा', आणि सोबत एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, असते. ती टाकलीत की फोनमधले ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात आणि खातं रिकामं होतं. सरकार चलान बघायला एपीके पाठवत नाही. मेसेजमधल्या कुठल्याही लिंकवर बोट ठेवू नका. महाट्रॅफिक हे राज्याच्या वाहतूक पोलिसांचं ॲप अधिकृत ॲप स्टोअरवरून घ्या, नाहीतर महाट्रॅफिक ई-चलानची वेबसाइट ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करून उघडा. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असायलाच हवं. फाइल चुकून उघडलीच असेल तर लगेच इंटरनेट बंद करा, बँकेला फोन करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

राज्याबाहेर फिरून आला असाल, समजा गोव्याला किंवा बेळगावला, तर परिवहनच्या राष्ट्रीय ई-चलान वेबसाइटवरही एकदा गाडीचा नंबर टाकून बघा. तिकडचं चलान राज्याच्या ॲपवर दिसेलच असं नाही.

फोटो नीट वाचा

भरायचं की भांडायचं हे फोटो बघितल्याशिवाय ठरवू नका. बहुतेक लोक आकडा बघतात, शिव्या घालतात आणि ॲप बंद करतात. मी सांगतो तसं बघा.

फोटो मोठा करा. नंबरप्लेट वाचता येते का? एमएच-१२ ऐवजी एमएच-१४, ८ ऐवजी ३, असं काही झालंय का? मग गाडी बघा. तुमची मोटारसायकल काळी आणि फोटोत लाल स्कूटर असेल तर विषय संपला. माझ्या ओळखीच्या एकाला आलेल्या चलानात गाडीच्या हँडलला भाजीची पिशवी लटकत होती आणि चालवणाऱ्या बाईंनी डोक्याला स्कार्फ बांधला होता. हा सव्वासहा फुटी दाढीवाला गडी. त्याने आधी बायकोला विचारलं, मग शेजारच्यांना, आणि तीन दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की प्लेटवरचा शेवटचा आकडा आपला नाहीच.

त्यानंतर तारीख, वेळ, ठिकाण. त्या वेळी गाडी कुठे होती ते आठवा. मग मोजलेला वेग आणि त्या ठिकाणची मर्यादा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेला नियम १६७ अ असं सांगतो की यंत्राने काढलेल्या चलानात गुन्हा आणि नंबरप्लेट दिसणारा फोटो, यंत्राचं मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम असावं. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र असावं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं, आणि गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पोचावी. कॅमेऱ्याने नजर ठेवलेल्या पट्ट्याआधी तशी पाटीही असावी. यातलं काही नसेल तर ते तुमच्या तक्रारीत लिहायचं, हा तुमचा हक्क आहे.

माझ्या दोन्ही चलानांत मात्र सगळं होतं. प्लेट माझी, जॅकेट माझं, मागे बसलेला मित्रही ओळखू येत होता. भरले.

भरायचं असेल तर

चूक आपली असेल तर भरून टाका. वेगासाठी कलम १८३ लागतं. हलक्या वाहनांना त्यात एक हजार ते दोन हजार रुपये दंड आहे. तुम्हाला भरायचा आकडा चलानावरच असतो, तोच धरा. ॲपवर किंवा वेबसाइटवर यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग सगळं चालतं. चौकातल्या पोलिसांकडच्या यंत्रावरही जुनं थकलेलं चलान भरता येतं. भरल्यावर पावती डाउनलोड करा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. पैसे कापले गेले पण चलान 'थकीत'च दिसतंय असं कधीकधी होतं. तेव्हा लगेच दुसऱ्यांदा भरू नका, व्यवहाराचा क्रमांक घेऊन तक्रार टाका.

दुसऱ्यांदा सापडलात तर गोष्ट दंडावर थांबत नाही. कलम १८३ खाली दुसऱ्या गुन्ह्याला लायसन्स जप्त होऊ शकतं. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलांनी हे नीट लक्षात घ्यावं. त्यांचं पोट त्या लायसन्सवर आहे.

भांडायचं असेल तर

महाट्रॅफिक ॲप आणि वेबसाइट, दोन्हींवर तक्रारीची सोय आहे. चलान नंबर टाका, कारण निवडा आणि मुद्द्याचं लिहा. पाच ओळी पुरतात. सोबत आरसीचा फोटो, गाडीचा पुढून आणि मागून फोटो (प्लेट दिसेल असा), आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याचा पुरावा असेल तर तो: ऑफिसच्या पार्किंगची नोंद, गॅरेजचं बिल, काहीही. तक्रार टाकल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. आठवडाभरात काही हललं नाही तर कागद घेऊन येरवड्याला वाहतूक शाखेच्या कार्यालयात जा. चलान पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतलं असेल, म्हणजे वाकड, हिंजवडी, निगडी वगैरे, तर येरवड्याला जाऊन उपयोग नाही. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे. नवीन माणूस हमखास इथे हेलपाटा खातो. चलानावर कोणी फाडलं ते लिहिलेलं असतं, ते बघून निघा. हायवेवरचं असेल तर ते महामार्ग पोलिसांचं असू शकतं.

कोणती कारणं टिकतात? प्लेट चुकीची वाचली. गाडी माझी नाही. गाडी विकली आहे आणि विक्रीची नोंद आहे. एकाच फोटोवर दोन चलानं आली. कोणती टिकत नाहीत? सगळेच पळत होते. रस्ता रिकामा होता. स्पीडोमीटर कमी दाखवत होता. शेवटचं तर उलट आहे, स्पीडोमीटर सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो.

फोटोत तुमच्यासारखीच गाडी, तुमचाच नंबर, पण गाडी तुमची नाही असं असेल तर कोणीतरी डुप्लिकेट प्लेट लावून फिरतंय. तेव्हा नुसती चलानाची तक्रार पुरत नाही. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. उद्या ती गाडी अपघातात सापडली तर ही पोच कामाला येते.

थकलेलं असेल तर

जुनी चलानं साठली असतील तर राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख बघा. वर्षातून काही वेळा ती भरते, पुण्यात थकीत चलानंही त्यात घेतली जातात आणि बऱ्याचदा रकमेत सवलत मिळते. पण सवलतीच्या आशेने मुद्दाम साठवत बसू नका. चलानावरची मुदत उलटली की प्रकरण कोर्टाकडे जातं, आणि आरटीओत गाडीचं कुठलंही काम काढलंत की ही थकबाकी समोर येऊन उभी राहते. सेकंडहँड गाडी घेताना म्हणूनच मालकाच्या गोड बोलण्याआधी चलानं तपासा. त्याच्यासमोरच नंबर टाका. आणि आपली गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं जाईपर्यंत तो विषय सोडू नका. किल्ली दिली पण नाव तसंच राहिलं, तर नव्या मालकाच्या पहाटेच्या फेऱ्यांचं चलान तुमच्याकडे येत राहतं.

आमच्या गाडीला आता माझा मोबाइल नंबर जोडला आहे. मेसेज मला येतो. पण वडिलांनी चासीचे शेवटचे चार आकडे त्यांच्या डायरीत लिहून ठेवलेत, आणि दर सोमवारी सकाळी चहा घेता घेता ते सोलापुरातून ॲप उघडून बघतात.